तुम्ही कुठकुठल्या प्रोग्रॅमिंग भाषा शिकलात, आणि त्यातली मनातली कोणती?

अर्धविराम | शनिवार, रात्री १०:४२

बहिणीचा मुलगा सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलाय. परवा त्याचा फोन आला, "मावशी, कुठली लँग्वेज शिकू?" मी भाजी फोडणीला टाकत होते, पटकन म्हटलं, "पायथन शीक." फोन ठेवला आणि मग जेवताना, भांडी आवरताना तेच डोक्यात. त्याला उत्तर दिलं खरं, पण माझं स्वतःचं उत्तर ते नव्हतं. म्हणून हा धागा.

माझा क्रम सांगते. आठवीत असताना शाळेत बीबीसी मायक्रो आले. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांसाठी संगणक साक्षरतेची योजना काढली होती, त्यातले. आठवड्यातून एक तास, एका यंत्रावर चौघीजणी. भाषा बेसिक. ओळींना १०, २०, ३० असे नंबर द्यायचे, म्हणजे मध्ये काही राहून गेलं तर १५ नंबरची ओळ घालता येते. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला इतकं आवडलं की वहीतली उत्तरंसुद्धा मी मध्ये जागा सोडून लिहायला लागले. बी.एस्सी.ला पास्कल, मग सी, नोकरीत सी++, १९९९ पासून जावा आणि गेली आठ-नऊ वर्षं पायथन.

मनातली विचाराल तर पास्कल. मी गणिताची विद्यार्थिनी. बेसिकमध्ये 'क्ष = क्ष + १' दिसलं की मला ते उघड खोटं वाटायचं. कुठलीच संख्या स्वतःहून एकनं मोठी नसते! पास्कलमध्ये किंमत ठेवायची खूण वेगळी, कोलन आणि बरोबर. तुलनेची खूण वेगळी, नुसतं बरोबर. त्या एका कोलननं मला समजलं की हे समीकरण नाही, ही आज्ञा आहे: उजवीकडचं मोजा आणि डावीकडच्या डब्यात ठेवा. निक्लाउस विर्थ यांनी ही भाषा १९७० साली आणली ती शिकवण्यासाठीच, आणि ते तिच्या प्रत्येक ओळीत दिसतं. १ जानेवारी २०२४ ला ते गेले. बातमी वाचून मी माझ्या कॉलेजच्या सरांना फोन केला. दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही.

पगार कशात जास्त, हे इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. कुठल्या भाषेत पहिल्यांदा 'अच्छा, हे असं चालतं होय' झालं, ते लिहा.

ताकभात | शनिवार, रात्री १०:५१

सी. बाकी सगळं नंतर.

भिंगरी | शनिवार, रात्री ११:१५

ताकभात +१, पण कारण सांगते.

अमरावती, २००९ ची बॅच. लॅबमध्ये टर्बो सी, ती निळी स्क्रीन. कंट्रोल-एफ९ दाबलं की चालतं, आल्ट-एफ५ दाबलं की उत्तर दिसतं. ज्यांनी त्या लॅबमध्ये दिवस काढलेत त्यांची बोटं आजही आपोआप तिथेच जातील.

जर्नलमध्ये फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार करायचा प्रोग्रॅम होता. ७ घातले, ५०४० आलं, बरोबर. ८ घातले तर वजा २५२१६! मी तीनदा तपासलं. लूप बरोबर, गुणाकार बरोबर. शेजारचीचं पण तेच. मॅडम म्हणाल्या, "ओरलला सातपर्यंतच दाखव." मला ते काही पटलं नाही. होस्टेलवर येऊन कागदावर मांडलं. ८ चं फॅक्टोरियल ४०३२०. आमच्या त्या कंपायलरमध्ये इंट, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायची जागा, १६ बिटची, म्हणजे ३२७६७ पर्यंतच आकडा मावतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा केले, आले वजा २५२१६. तंतोतंत! रात्री दीड वाजता मी रूममेटला उठवून दाखवलं. चारचाकीचं मीटर ९९९९९ च्या पुढे शून्यावर येतं ना, तसं हे फिरून उलट्या बाजूला गेलं होतं.

आता माझं पोट पायथनवर चालतं. पायथनमध्ये ५० चं फॅक्टोरियलसुद्धा सगळे आकडे नीट देऊन येतं, सोय मोठी आहे. पण मशीनच्या आत जागा असते आणि ती संपते, हे मला सी नं शिकवलं. म्हणून सी.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ६:३०

अर्धविराम, धागा उत्तम. माझं वय ७६, त्यामुळे जरा मागून सुरुवात करतो.

१९७१ साली मुंबईत एका संस्थेत फोर्ट्रान शिकलो. पडदा नाही, कळफलक म्हणजे कार्डाला भोकं पाडणारं पंचिंग मशीन. एका कार्डावर एक ओळ, ८० रकाने. पहिले पाच ओळीच्या नंबराला, सहावा मागची ओळ पुढे चालू आहे हे दाखवायला, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत तुमची आज्ञा, आणि शेवटचे आठ रकाने कार्डाच्या क्रमांकासाठी. त्या शेवटच्या आठांकडे आम्ही तरुणपणी दुर्लक्ष करायचो. एकदा जिन्यावर माझा तीनशे कार्डांचा गठ्ठा सुटला. जुलै महिना, जिना ओला. एका वरिष्ठांनी थांबून माझ्याबरोबर कार्डं वेचली आणि म्हणाले, "क्रमांक पंच करत नसशील तर निदान गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनानं एक तिरकी रेघ मार. विस्कटला की रेघ जुळवत बसायचं." त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक गठ्ठ्यावर निळी तिरकी रेघ असे.

गठ्ठा आज द्यायचा, कागद उद्या मिळायचा. एक स्वल्पविराम चुकला की एक दिवस गेला. त्यामुळे आम्ही प्रोग्रॅम द्यायच्या आधी कागदावर स्वतः यंत्र होऊन चालवून बघायचो. दर पायरीला कुठल्या चलाची किंमत किती, त्याचा तक्ता. ही सवय मी पुढे चाळीस वर्षं सोडली नाही.

फोर्ट्रान १९५७ ची, आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं केलेली. तिला जुनाट म्हणणाऱ्यांना सांगतो, हवामानाच्या अंदाजाची मोठमोठी मॉडेलं आजही बरीचशी फोर्ट्रानमध्येच आहेत. तुमच्या मोबाईलवर उद्याचा पाऊस दिसतो त्यामागे ती राबते आहे.

माझी मनातली तीच.

सोनचाफा | रविवार, सकाळी ८:०५

काका, तिरकी रेघ वाचून अंगावर काटा आला. आमच्या वेळी कार्डं गेली होती, पण रकाने होतेच. कोबोलमध्येसुद्धा सातव्या रकान्यात तारा मारला की ती ओळ टीप.

मी १९९८ ला न्यू जर्सीत आले ती कोबोलच्या जोरावर. वायटूके. दोन आकडी सालांमुळे २००० साल उजाडल्यावर ०० म्हणजे १९०० समजलं जाईल, म्हणून लाखो ओळी वाचायच्या. आमच्या टीममध्ये ठाणे, डोंबिवली, पुणे इतकी माणसं होती की डब्यात रोज थालीपीठ असायचंच. ३१ डिसेंबरची रात्र आम्ही ऑफिसात काढली. बारा वाजले, व्याजाचं बॅच पहिल्यांदा चाललं आणि आकडे बरोबर आले. तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन आईला फोन लावला. तिकडे तर सकाळ झालेली होती.

कोबोलबद्दल लोक पुष्कळ बोलतात, पण पैशाचा हिशोब तिच्याइतका सरळ फार थोड्या भाषा करतात. 'पिक ९(७)व्ही९९' लिहिलं की सात आकडे रुपयांचे, दोन पैशांचे, आणि हिशोब दशमानातच. आता पायथन उघडा, ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा. ०.३०००००००००००००००४ येतं, कारण आत सगळं द्विमानात चालतं आणि ०.१ द्विमानात पुरता मावत नाही. खात्यावर हे चालेल का? तिथे डेसिमल वेगळं मागून घ्यावं लागतं. कोबोलमध्ये ते मुळातच आहे, कारण १९५९ साली ती करायला बसलेल्यांच्या डोळ्यापुढे पगारपत्रकं आणि खतावण्या होत्या.

ताकभात | रविवार, सकाळी ९:२०

सोनचाफा, पैशाचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण कोबोल वाचताना दम लागतो. चार डिव्हिजन मांडून होईपर्यंत सीमध्ये काम संपलेलं असतं. मला जे म्हणायचं ते कमीत कमी शब्दांत म्हणता यावं, ही माझी भाषेकडून अपेक्षा.

सोनचाफा | रविवार, सकाळी ९:४४

ताकभात, कमी शब्द लिहिणाऱ्याच्या सोयीचे. मी जी फाइल १९९८ ला उघडली ती १९७४ ला लिहिलेली होती. लिहिणारा माणूस निवृत्त झालेला. तरी 'ॲड इंटरेस्ट टू बॅलन्स' हे मला पहिल्या वाचनात कळलं. चोवीस वर्षांनी अनोळखी बाईला कळावं असं लिहून ठेवणं ही मोठी गोष्ट आहे.

रानजाई | रविवार, सकाळी १०:०२

वाचतेय. सगळ्यांनी लिहा, सुंदर चाललंय.

भोसरीकर | रविवार, दुपारी १:१०

मी कॉम्प्युटरवाला नाही, आयटीआय इलेक्ट्रिशियन. पण प्रोग्रॅमिंग करतो, गेली सतरा वर्षं. पीएलसीचं लॅडर. पीएलसी म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. ते इथे चालेल का?

लॅडर म्हणजे शिडी. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या. डावीकडून करंट निघतो असं धरायचं. वाटेत काँटॅक्ट, म्हणजे स्विच, उजव्या टोकाला कॉइल, म्हणजे जे चालू करायचं ते. सगळे काँटॅक्ट जोडले गेले की कॉइल चालू. स्टार्टचं बटण दाबून सोडलं तरी मोटार चालू राहायला पाहिजे, म्हणून मोटारीचाच एक काँटॅक्ट स्टार्टच्या खाली समांतर टाकायचा. मोटार स्वतःच स्वतःला धरून ठेवते. हे मी पहिल्यांदा पॅनलमध्ये वायरनं केलं होतं, रिले वापरून, हात काळे करून. नंतर स्क्रीनवर तेच चित्र दिसलं तेव्हा मला कोणी शिकवायची गरजच पडली नाही.

सगळ्यात भारी म्हणजे मशीन चालू असताना लॅडर उघडलं की जिथे करंट जातोय ती लाइन रंगात दिसते. कुठे अडलंय ते डोळ्यानं दिसतं. रात्रपाळीला प्रेस बंद पडली की मी आधी तेच बघतो. मागच्या महिन्यात एका सेफ्टी गार्डचा स्विच ढिला होता, सगळी शिडी उजळलेली आणि एकाच ठिकाणी अंधार. पाच मिनिटांत सापडलं.

अर्धविराम | रविवार, दुपारी १:३२

भोसरीकर दादा, चालेल का काय विचारता! 'सगळी शिडी उजळलेली आणि एकाच ठिकाणी अंधार', डिबगिंग याहून चांगलं मी कुठे वाचलेलं नाही. आणि लॅडरला आंतरराष्ट्रीय प्रमाणात अधिकृत जागा आहे, आयईसी ६११३१ च्या तिसऱ्या भागात, बाकीच्या पीएलसी भाषांच्या बरोबरीनं.

शिरोलीचा_वारा | रविवार, दुपारी ३:४५

भोसरीकरांनी दार उघडलंच आहे तर मी पण आत येतो. कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन. आमची भाषा जी-कोड.

जी०० म्हणजे टूल हवेतनं पळव, जी०१ म्हणजे कापत जा, जी०२ घड्याळाच्या दिशेनं गोल, जी०३ उलटा. एम०३ ला स्पिंडल फिरतो, एम०८ ला कूलंट सुटतं, एम३० ला संपलं. बास. आठवड्यात कुणीही शिकेल, पण हात बसायला दोन वर्षं.

तुम्ही लोक स्वल्पविराम चुकला की एक दिवस गेला म्हणताय. आमच्याकडं टिंब चुकतं. आमच्या कंट्रोलवर एक्स १० आणि पुढं टिंब दिलं तर दहा मिलिमीटर. टिंब विसरलं तर दहा मायक्रॉन. म्हणजे हजारपट फरक. शिकाऊ होतो तेव्हा एक बुश करताना झेडच्या आकड्याला टिंब राहिलं. टूल जिथं मागं यायला पाहिजे तिथं आलंच नाही आणि पुढच्या ओळीला आडवं गेलं ते जॉबमध्ये घुसूनच. इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाचा, तुकडा दारावर आदळला, तो आवाज अजून कानात हाय. तेव्हापासनं नवीन प्रोग्रॅम मी आधी जॉब न लावता हवेत चालवतो, बोट फीड होल्डच्या, म्हणजे टूल जागीच थांबवायच्या बटणावर ठेवून. आणि माझ्या हाताखालच्या पोरांना पण तेच शिकवतो.

ताकभात | रविवार, दुपारी ४:१०

अनुभव जबरदस्त. पण प्रामाणिक शंका: जी-कोडला प्रोग्रॅमिंग भाषा म्हणायचं का? एकामागून एक आज्ञा आहेत, 'जर-तर' नाही, लूप नाही.

शिरोलीचा_वारा | रविवार, दुपारी ४:३८

हाय की! जी-कोडमधलंच मॅक्रो बी बघा. हॅशनं व्हेरिएबल, इफ, व्हाइल, गोटू सगळं. एका फ्लँजला बारा भोकं, एकाला सोळा, एकाला चोवीस. मी एकच प्रोग्रॅम केलाय. भोकांची संख्या आणि पीसीडी, म्हणजे भोकं ज्या गोलावर येतात त्याचा व्यास, वर टाकायचा, कोन तो स्वतः काढतो, साइन-कोसाइन लावून. दहावीचं त्रिकोणमिती कुठं लागतं म्हणणाऱ्यांना मी मशीनवर बोलावतो.

ताकभात | रविवार, दुपारी ४:४१

मग माझा आक्षेप मागे. ही भाषाच.

मोहर | रविवार, संध्याकाळी ६:२०

मी कृषी संख्याशास्त्राची. आर वापरते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी केलेली. पाच जातींचा गहू, चार रेप्लिकेशन, प्लॉटगणिक उत्पन्न; दोन ओळींत विश्लेषण समोर. यापूर्वी मी हेच कॅल्क्युलेटरवर चार तास घालून करत असे.

पण मुख्य म्हणजे आरमध्ये मोजणी एकपासून. पहिला म्हणजे १. पायथनमध्ये पहिला म्हणजे ०, हे मला आजही खटकतं. शेतातला पहिला सरी-वाफा कुणी शून्यावा म्हणतं का?

भिंगरी | रविवार, संध्याकाळी ६:४७

मोहर, बाळाला विचारा. जन्मल्यापासून वर्ष पुरं होईपर्यंत वय शून्य, पण आजी म्हणते 'पहिलं चालू आहे'. वर्ष झालं की 'पहिलं सरून दुसरं लागलं'. सीमधला आकडा म्हणजे किती मागे टाकून आलो ते अंतर. पहिल्या डब्यापाशी जायला शून्य डबे ओलांडायचे.

मोहर | रविवार, संध्याकाळी ७:०५

'पहिलं सरून दुसरं लागलं' हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही! आता लक्षात राहील. वाफे मात्र एकपासूनच मोजणार.

पाटीलबुवा | रविवार, रात्री ९:३०

मोबाईलवर टंकतोय, चुका समजून घ्या.

मी फॉक्सप्रोवाला. सातारा जिल्हा. १९९३ ते २००८ पतसंस्था, दूध डेअऱ्या, सोसायट्या, सगळीकडे आमचीच प्रोग्रॅमं. फॉक्सप्रोत डेटा आणि भाषा एकाच घरात राहतात. 'यूज सभासद' म्हटलं की तक्ता उघडला, 'ब्राउझ' म्हटलं की समोर. सकाळी सचिव म्हणायचे ठेवींची मुदतवार यादी पाहिजे, दुपारच्या चहाला हातात. ही चपळाई मी नंतर कशातच पाहिली नाही. १९९२ ला मायक्रोसॉफ्टनं फॉक्स विकत घेतलं, आणि २००४ चं नववं व्हर्जन शेवटचं ठरलं. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसवर मराठी उमटायची. एका पतसंस्थेची सभासद यादी मी पहिल्यांदा मराठीत काढली. नावावर इंडेक्स लावला, म्हणजे नावांप्रमाणे क्रम लावला, लांबलचक कागदी पट्टी डॉट मॅट्रिक्सवर छापली आणि वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी नेऊन दिली. संस्थेत एक जुने कारकून होते, त्यांनी चष्मा लावून बोटानं यादी वाचायला घेतली आणि 'क'पाशी थांबले. म्हणाले, "पाटील, काळे कावऱ्यांच्या आधी कसे?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी स्वतःच्या हातचं रजिस्टर काढलं. कावरे, काशीद, कासार, आणि त्यानंतर काळे. म्हणाले, "ह नंतर ळ. पहिलीत शिकलो आपण." संगणकात मात्र ळ ला ल च्या शेजारी बसवलेला. ल, ळ, मग व. तिथली आकड्यांची रांगच तशी, म्हणून काळे, गोळे, साळुंखे सगळे आधी येऊन बसलेले.

सभा दुसऱ्या दिवशी. मी रात्री तिथेच बसलो. यादीत एक जादा रकाना केला, नावं त्यात उतरवली आणि ळ जिथे असेल तिथे ह च्या पुढच्याच नंबरचं चिन्ह टाकलं. इंडेक्स त्या रकान्यावर, छपाई मूळ नावाची. पहाटे पट्टी निघाली. कारकूनसाहेबांनी काळ्यांपाशी बोट ठेवलं, मान हलवली आणि मला घरी चहाला नेलं.

अर्धविराम | रविवार, रात्री १०:१५

पाटीलबुवा, तुमचा प्रतिसाद वाचून लॅपटॉप उघडला आणि पायथनमध्ये काळे, कावरे, कासार लावून पाहिले. आजही काळे पहिले! युनिकोडनं, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या प्रमाणानं, देवनागरीची रांग इस्की या आपल्या जुन्या भारतीय प्रमाणावरूनच घेतली, त्यामुळे ळ तिथेच, ल च्या मागे. कारकूनसाहेबांचा आक्षेप तीस वर्षांनीही खरा आहे.

मग अजून खेळत बसले. 'पुणे' ची लांबी विचारली, ४ आली. प, उकार, ण, मात्रा असे चार. तोच शब्द उलटा करायला सांगितला तर मात्रा सगळ्यात पुढे जाऊन एकटीच लटकते. आणि एक सुखद धक्का: अवतरणात '१२३' देवनागरीत लिहून त्याचा आकडा करायला सांगितला तर पायथननं बिनतक्रार केला.

निळावंती | रविवार, रात्री ११:०२

हा माझा प्रांत! स्विफ्टमध्ये 'पुणे' ची लांबी २ येते. एलिक्झिरमध्येही २, आणि उलटं केलं तर 'णेपु', मात्रा आपापल्या अक्षराला धरून. कारण या भाषा उकार, मात्रा असे सुटे तुकडे मोजत नाहीत, वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते मोजतात. मी एलिक्झिरच्या प्रेमात पडले ती याच ओळीवर. माझी भाषा हिला दिसते, असं वाटलं.

पाटीलबुवांच्या ळ ला जोड म्हणून 'दुसऱ्या' घ्या. त्यातला र्‍य दोन प्रकारे टाइप होतो: एक म्हणजे र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, दुसरा म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त. डोळ्याला अगदी सारखे. मशीनला दोन वेगळे शब्द. मी एका शब्दसंग्रहात 'दुसऱ्या' शोधला तर निम्मेच सापडले. बाकीचे निम्मे दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेले. हे कुठल्याही पुस्तकात वाचून कळलं नसतं, मराठी लिहिणाऱ्यालाच अडतं.

कणसर | सोमवार, सकाळी ७:५०

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सगळे एवढं बोलताय तर विचारतो: मराठीतूनच प्रोग्रॅमिंग भाषा का नाही?

भिंगरी | सोमवार, सकाळी ९:०५

सर, पायथन ३ मध्ये चलांना मराठी नावं आजही देता येतात. 'व्याज', 'मुद्दल', 'मुदत', चालतं. राहिले राखीव शब्द, ते सारे ३५. इफ, एल्स, व्हाइल. ३५ शब्द कुठलंही मूल पाठ करेल.

कणसर | सोमवार, दुपारी १२:४०

३५ शब्दांची अडचण नाहीच हो. सातवीतली माझी मुलं 'जर-तर' चा खेळ मैदानावर उत्तम खेळतात. एकजण यंत्र, बाकीचे आज्ञा देणार. "जर समोर भिंत, तर डावीकडे वळ." चुकीची आज्ञा दिली की यंत्र भिंतीवर जाऊन थांबतं आणि सगळे ओरडतात, "आज्ञा चुकली, यंत्र नाही!" इथपर्यंत इंग्रजी लागत नाही. अडतं ते संगणकावर बसल्यावर. एरर येते ती इंग्रजीत, लांबलचक, आणि जी मुलगी मैदानावर सगळ्यांत हुशार होती ती गप्प होते. तिला वाटतं आपलं गणित चुकलं. खरं तर एक कंस राहिलेला असतो.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये मराठी आवाजात धडे आहेत, मी तेच वापरतो. पण एररचा मजकूर मराठीत यायला हवा, हे माझं मागणं आहे. 'तिसऱ्या ओळीत कंस उघडलाय, मिटलेला नाही.' एवढंच.

जुनाजाणता | सोमवार, दुपारी १:१५

कणसर, 'आज्ञा चुकली, यंत्र नाही' हे आम्ही १९७१ साली कागदावर करत होतो तेच. तुमच्या मुलांना माझा नमस्कार सांगा.

नवाकोरा | सोमवार, रात्री ८:२५

मी तिसऱ्या वर्षाला, छत्रपती संभाजीनगर. सगळ्यांचे अनुभव वाचले, आवडले. पण आमच्या वर्गात आता कोणी स्वतः लिहितच नाही. काय हवं ते एआयला सांगायचं, कोड मिळतो. मग कुठली भाषा आवडते हा प्रश्न आमच्या पिढीला उरतो का? मनापासून विचारतोय.

अर्धविराम | सोमवार, रात्री ९:४०

नवाकोरा, प्रश्न योग्य आहे. उत्तर द्यायच्या आधी करून बघितलं. एआयला सांगितलं, मराठी आडनावांची यादी वर्णमालेप्रमाणे लावून दे. पाच सेकंदांत सुबक कोड आला, चालवला, एकही एरर नाही. आणि काळे कावऱ्यांच्या आधी.

मला हे दिसलं कारण आदल्या रात्री पाटीलबुवांनी सांगितलं होतं. ती यादी तशीच छापायला गेली असती. ळ चा मुद्दा सांगितल्यावर त्यानं दुरुस्त केलं, तेही खरं. पण सांगणारं कोणीतरी लागतं, आणि दुरुस्ती बरोबर झाली का हे ओळीओळीनं वाचणारंही लागतं. मला ते वाचायला आवडतं, आणि ती आवड पास्कलनं लावली.

सोनचाफा | सोमवार, रात्री १०:१०

नवाकोरा, मी १९९८ साली दुसऱ्यांचाच कोड वाचत होते. वर्षभर एकही नवीन ओळ लिहिली नाही. तरी कोबोल माझी झाली ती त्याच वर्षात.

नवाकोरा | सोमवार, रात्री १०:३२

हं. मग आज रात्री भिंगरीताईंचा आठचा फॅक्टोरियल सीमध्ये १६ बिटचा इंट घेऊन करतो, आणि कागदावर पण मांडतो.

अर्धविराम | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:२०

भाच्याची बातमी. त्याला कॉलेजात पहिल्या सत्राला सीच आहे, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला. घरी पायथन करतोय. मी त्याला हा धागा वाचायला दिला, आणि शिरोलीच्या वाऱ्यांचं टिंब वाचून तो म्हणाला, "मावशी, मला वाटलं लँग्वेज म्हणजे फक्त ॲप बनवायला."

त्याच्या गावात वाचनालय आहे. सभासदांची वही हातानं लिहिलेली, चारशे दहा नावं. त्यानं ती दोन दिवस बसून टाइप केली. पाटीलबुवांसारखा जादा रकाना केला नाही, वेगळी वाट घेतली. सगळी वर्णमाला, मात्रांसकट, एका ओळीत लिहून काढली आणि प्रत्येक अक्षराचा क्रमांक त्या ओळीतून घेतला. ळ स्वतःच्या हातानं ह च्या पुढे लिहिला. काल छापून ग्रंथपालांना दिली. कासार, मग काळे. माझ्याकडे फोटो आलाय, चार वेळा मोठा करून पाहिला.

पाटीलबुवा | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:०५

शाब्बास पोरा! माझ्यातर्फे त्याला एक पेढा.

आता त्याला एवढंच विचारा, क्षीरसागर कुठे ठेवले? क मध्ये, का ळ च्या पुढे? आमच्या कारकूनसाहेबांच्या रजिस्टरात ते शेवटच्या पानावर होते, ज्ञ च्या आधी.